आबालाल रहिमान : निसर्गचित्र की परिसरचित्र?

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्याविषयीच्या लेखनात दोन प्रवृत्ती ठळकपणे दिसतात. पहिली चरित्रात रमते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला व व्हाइसरॉयचे पदक मिळविलेला हा चित्रकार कोल्हापुरास परतला, शाहू महाराजांच्या आश्रयास राहिला, आणि १९२२ साली महाराजांचे निधन झाल्यावर त्याने आपली अनेक चित्रे कोटितीर्थात बुडविली, अशी आख्यायिका आहे. दुसरी प्रवृत्ती त्यांच्या चित्रांतील सुटे रंगलेप व पाण्यावरील प्रकाश पाहून फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांचे नाव घेते. दोन्ही प्रवृत्तींत एक दोष समान आहे. चित्र पाहण्याचे काम त्या पुढे ढकलतात.

यांपैकी दुसरीचा विचार अधिक अगत्याचा आहे. दोन भाषांत काही शब्द सारखे आढळले म्हणून त्या एका कुळातील ठरत नाहीत. त्यासाठी नियमबद्ध ध्वनिसंगती दाखवावी लागते. हाच दंडक चित्राभ्यासासही लागू पडतो. रंगलेपांचे साम्य हा संबंधाचा पुरावा नव्हे. शिवाय आबालालांची घडण रेखांकनास प्राधान्य देणाऱ्या ब्रिटिश शिक्षणपद्धतीतील होती. त्यांच्या चित्रांत प्रकाश तरल होतो, परंतु घाटाची पायरी व मठाचा दगड आपला आकार सोडीत नाहीत. हा भेद लहान नाही.

मग या चित्रांस काय म्हणावे? ‘देखावा’ हा आपला जुना शब्द. त्यात पाहणारा दूर उभा असतो, आणि दिखाऊपणाची छटाही त्यास चिकटलेली आहे. ‘निसर्गचित्र’ हा शब्द आज रूढ आहे. परंतु संस्कृतात ‘निसर्ग’ म्हणजे मूळ स्वभाव. डोंगर, झाडे व पाणी हा त्याचा अर्थ अर्वाचीन असून त्यात मनुष्य वगळला गेल्याचा भास होतो. आबालालांचे विषय मात्र रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ असे आहेत. तेथील पाणी बांधलेले, पुजलेले, रोजच्या वापरातले आहे. त्यांच्यासाठी ‘परिसर’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. ‘परि’ आणि ‘सृ’, म्हणजे सभोवार फिरणे, ही त्याची घटना आहे. त्याच त्या चार जागी पुनःपुन्हा जाणाऱ्या चित्रकाराची रीत या शब्दात आपोआप सामावते.

हा केवळ नावाचा वाद नाही. नाव बदलले की अभ्यासाची दिशा बदलते. रंकाळ्यातील संध्यामठ पावसाळ्यात पाण्याने वेढला जातो आणि पाणी ओसरले की पुन्हा उघडा पडतो. तेव्हा मठाच्या चित्रातील पाण्याची पातळी ऋतू सांगू शकते, सावलीची दिशा प्रहर सांगू शकते. चित्रे स्थळवार लावून, ऋतू व प्रहर पडताळून वाचली, तर त्यांचा क्रम काही अंशी खुद्द चित्रांतूनच मिळेल. ‘निसर्गप्रेमी कलावंत’ या विशेषणाने असा कोणताही प्रश्न उपस्थित होत नाही.

बुडालेल्या चित्रांची आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यावर आजवर पुष्कळ हळहळ खर्च झाली आहे. जी चित्रे उरली आहेत त्यांची स्थळ-काळ-निर्देशासह सूची तयार करणे, हे त्या हळहळीहून अधिक उपयुक्त, आणि आबालालांच्या कलेस अधिक न्याय देणारे कार्य होय.