होममेड, पण कुणासाठी?

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला गुरुवार होता. सकाळी आमच्याकडे नरक चतुर्दशी होती. मी आणि माझ्या रूममेटने उटणं लावून आंघोळ केली, आईला व्हिडिओ कॉलवर फराळाचं ताट दाखवलं आणि साडेनऊच्या स्टँडअपला लॉगइन केलं. संध्याकाळी त्याच दारावर हॅलोवीन आलं.

न्यू जर्सीतलं आमचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स मोठं आहे आणि त्यात लहान मुलंही पुष्कळ आहेत. घरात शंकरपाळे होते, बेसनाचे लाडू होते, मग दुकानातून चॉकलेटं कशाला आणायची? आम्ही वीसेक झिपलॉक पिशव्या भरल्या. प्रत्येकीत मूठभर शंकरपाळे आणि एक लाडू. वर केशरी रिबीन. मुलं आली : एक स्पायडरमॅन, दोन चेटकिणी, पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरलेला एक रोबो. मागे उभ्या असलेल्या आयांनी हसून थँक्यू म्हटलं.

रात्री कचरा टाकायला खाली गेले तेव्हा टपालपेट्यांच्या वरच्या फळीवर अकरा पिशव्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या. कुणी फेकल्या नव्हत्या. रिबिनी सुटल्या नव्हत्या. अगदी सभ्यपणे परत ठेवल्या होत्या.

वर येऊन सवयीने फोन उघडला, तर फीडमध्ये पहिलीच गोष्ट आली : हॅलोवीनसाठी ३१ सोपे, होममेड पदार्थ आणि शरद ऋतूतल्या संध्याकाळींसाठी कॉकटेल्स. मी ती यादी शेवटपर्यंत वाचली. वाचताना एकच प्रश्न डोक्यात होता. अनोळखी घरातलं होममेड खाणं जिथे टपालपेटीच्या पुढे जात नाही, तिथे ह्या एवढ्या होममेड पाककृती लिहिल्या जातात कुणासाठी?

त्यानंतर वर्षभर मी ह्या याद्या वाचत राहिले. काही पदार्थ करूनही पाहिले. पाककृती हाही वाचायचा मजकूर असतो आणि त्याला स्वतःचं व्याकरण असतं, असं मला वाटतं. त्या व्याकरणाबद्दल हा लेख आहे.

सोपं म्हणजे काय

ह्या यादीतले नेहमीचे मानकरी ठरलेले आहेत. ‘ममी डॉग’ : तयार कणकेच्या डब्यातून पट्ट्या कापायच्या, हॉटडॉगच्या सॉसेजभोवती बँडेजसारख्या गुंडाळायच्या, भाजायचं, मोहरीच्या सॉसचे दोन ठिपके देऊन डोळे करायचे. ‘डर्ट कप’ : पेल्यात चॉकलेट पुडिंग, वर ओरिओचा चुरा म्हणजे माती, त्यातून डोकावणारे जेलीचे गांडूळ. ‘चेटकिणीची बोटं’ : बोटाच्या आकाराचं बिस्किट, टोकाला नख म्हणून बदाम. ‘डोळे’ : लिचीच्या पोकळीत बसवलेली ब्लूबेरी.

पहिली गोष्ट लगेच लक्षात येते. बिस्किटं सोडली तर ह्यात शिजवणं जवळजवळ नाही. पाकीट फोडणं आणि जोडणं आहे. आमच्या धंद्यात चार लायब्रऱ्या आयात करून मध्ये दहा ओळी लिहितात आणि ‘मी ॲप बनवलं’ म्हणतात, तसंच हे होममेड. ह्यावर नाक मुरडायचा मला हक्क नाही. ३१ ऑक्टोबरला इथे सुट्टी नसते. साडेपाचला घरी येऊन सहाला पोराला चेटकीण बनवून बाहेर काढायचं असेल, तर डब्यातली कणीक हा मोठाच आधार आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ह्यातला प्रत्येक पदार्थ ‘मला खाऊ नका’ असं ओरडत असतो. प्रेत, माती, गांडूळ, कापलेलं बोट, काढलेला डोळा. पेयांची नावंही तशीच : विष, रक्त, चेटकिणीचा काढा. मजा सगळी त्या क्षणात आहे, जेव्हा डोळ्यांना किळस येते आणि जीभ सांगते की ही तर लिची आहे. पण ही मजा फक्त तिथेच येते जिथे करणाऱ्यावर शंभर टक्के विश्वास आहे. सख्ख्या मावशीने ‘विष’ असं लिहिलेला पेला पुढे केला तर आपण हसून पितो. अनोळखी माणसाने दिला तर तो विनोद राहत नाही. म्हणजे ह्या पाककृतींनी आधीच गृहीत धरलंय की खाणारे सगळे ओळखीचे आहेत आणि दार बंद आहे.

अंगठी आणि ब्लेड

हे असं नेहमी नव्हतं. मध्ययुगीन इंग्लंडात ‘सोल केक’ नावाच्या छोट्या गोड वड्या ह्या दिवसांत केल्या जायच्या. २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस. गरीब माणसं आणि मुलं दारोदार जायची, त्या घरातल्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायची आणि बदल्यात केक घ्यायची. आयर्लंडमध्ये हॅलोवीनला ‘बार्मब्रॅक’ हा मनुकांचा पाव होतो. त्यात मुद्दाम वस्तू लपवतात. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचं लग्न होणार, नाणं निघेल तो श्रीमंत होणार, चिंधी निघेल त्याच्या नशिबी गरिबी.

अमेरिकेत दारोदार खाऊ मागायची प्रथा १९२० आणि ३० च्या दशकांत रुजू लागली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं आणि ती थंडावली. १९४७ मध्ये साखर मोकळी झाली तशी ती जोरात परतली. तेव्हा मुलांच्या पिशवीत घरी केलेली बिस्किटं पडायची, कॅरमेल लावलेलं सफरचंद पडायचं, पाकात वळलेले पॉपकॉर्नचे लाडू पडायचे. हो, लाडूच. पॉपकॉर्न बॉलची कृती वाचली तेव्हा मला आमचा चुरमुऱ्याचा लाडू आठवला. पाक आणि हाताला चटके बसत असताना घाईघाईने वळणं, सगळं तेच.

मग खाण्यात लपवलेल्या वस्तूचा अर्थ बदलला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सफरचंदात दाढीचं ब्लेड सापडल्याच्या बातम्या पसरू लागल्या. जिथे अंगठी शोधायची तिथे ब्लेड शोधायला लागले. काही इस्पितळं मुलांच्या खाऊचे फुकट एक्स-रे काढून द्यायला लागली. जोएल बेस्ट ह्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनची अमेरिकी वर्तमानपत्रं चाळून पाहिली आणि १९८५ मध्ये जेराल्ड होरियुची ह्यांच्यासोबत निबंध प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने दारात दिलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याची किंवा गंभीर जखमी झाल्याची एकही खात्रीलायक घटना त्यांना सापडली नाही. सफरचंदातल्या ब्लेडच्या बातम्यांपैकी बऱ्याच खोड्या निघाल्या, कधी खुद्द मुलांनीच केलेल्या.

एक खून मात्र खरा होता. १९७४ मध्ये टेक्सासमधल्या डियर पार्क गावात आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोवीनच्या रात्री सायनाइडने मेला. विष घालणारा अनोळखी नव्हता, त्याचा बाप होता. विम्याच्या पैशासाठी त्याने हे केलं. संशय येऊ नये म्हणून त्याने तसाच खाऊ इतर मुलांनाही दिला होता, सुदैवाने त्यांनी तो खाल्ला नाही. विष होतं ते पिक्सी स्टिक्समध्ये, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या, नळीतल्या गोड पावडरीत. नंतर १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं आणि सात माणसं मेली. तेही दुकानातून विकत आणलेलं औषध.

ह्या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की गंमत नाही, खिन्नता येते. विष दोन्ही वेळा कारखान्याच्या मालात सापडलं आणि शिक्षा झाली ती शेजारच्या आजीच्या बिस्किटांना. ‘फक्त पाकीटबंद खाऊ घ्या’ हा नियम झाला. बापाने केलेल्या खुनाची भरपाई शेजाऱ्यांनी केली.

माझ्या लाडवात काजू होता

इथपर्यंत लिहून मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, पण तू अनोळखी माणसाकडचा लाडू माझ्या हातात ठेवू दिला असतास का, लहान असताना? रेल्वेत कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही, हे तुला शिकवलं कुणी?”

आईचं बरोबर होतं. आणि तिला माहीत नसलेली आणखी एक गोष्ट होती. माझ्या लाडवात काजू होता आणि पिशवीवर तसं लिहिलेलं नव्हतं. अन्नाची ॲलर्जी ही काही अफवा नव्हे. २०१४ पासून अमेरिकेत ‘टील पम्पकिन प्रोजेक्ट’ देशभर चालतो : ज्या घरापुढे निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलेला असतो, तिथे खाऊऐवजी खेळणी, पेन्सिली, स्टिकर मिळतात, म्हणजे ॲलर्जी असलेलं मूल रिकाम्या पिशवीने परतत नाही. ज्या आयांनी माझ्या पिशव्या परत ठेवल्या, त्यांतल्या एखादीच्या पोराला काजू चालत नसेलही. दुकानातल्या पाकिटावर घटकांची यादी असते. माझ्या केशरी रिबिनीवर फक्त माझी हौस होती.

म्हणजे दारातलं होममेड परत आणा, असं म्हणणं खरं नाही आणि योग्यही नाही. तरी ह्या याद्यांविषयीची माझी तक्रार उरतेच. ‘होममेड’ ह्या शब्दातली ऊब त्या काळाकडून उसनी आणलेली आहे, जेव्हा घरचं केलेलं परक्या पोराच्या हातावर ठेवलं जायचं. ऊब तेवढी घेतली आणि परकं पोर गाळलं. आता पदार्थ होतो, वरून फोटो निघतो, ओळखीची माणसं खातात. दारात मात्र घाऊक चॉकलेटांची परडी.

पेल्यातलं विष

कॉकटेलच्या विभागात हे सगळं आणखी उघडं पडतं. काळ्या रंगाची पेयं घ्या. तो रंग अनेकदा ॲक्टिव्हेटेड चारकोलचा असतो. हा कोळसा इस्पितळात विषबाधा झालेल्या माणसाला देतात, कारण तो विष स्वतःकडे ओढून घेतो. म्हणजे पेल्याला विषासारखं दिसण्यासाठी विषावरचा उतारा वापरला जातो! तो तुमच्या नेहमीच्या गोळ्याही तशाच ओढून घेऊ शकतो. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये रेस्टॉरंटांना तो खाण्यापिण्यात वापरू देणं थांबवलं. तरी घरगुती याद्यांत तो अजून सापडतो.

धुराचंही तेच. पंचमध्ये टाकायचा ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश सेल्सिअस. त्याचा तुकडा ओठाला किंवा घशाला लागला तर भाजल्यासारखी इजा होते. तो पूर्ण विरेपर्यंत पेला तोंडाला लावायचा नसतो. ही सूचना कृतीच्या पहिल्या ओळीत हवी. मी वाचलेल्या बऱ्याच कृतींत ती तळाशी, फोटोंच्या खाली होती.

‘कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर टू’ हेही ह्या याद्यांत हमखास भेटतं, केवळ नावात प्रेत आहे म्हणून. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या हॅरी क्रॅडॉकच्या १९३० च्या पुस्तकात ते आहे : जिन, क्वान्त्रो, लिले आणि लिंबाचा रस समान, वर ॲब्सिंथचा थेंब. आदल्या रात्री जास्त झालेल्या माणसाला सकाळी उठवायची ही जात. भुताशी संबंध नाही. पण पेय चांगलं आहे, आंबट आणि स्वच्छ. नावाच्या निमित्ताने का होईना, ते टिकलं याचा मला आनंदच आहे.

एक भांडं

सगळ्या याद्यांतून मी दोनच गोष्टी ठेवल्या. एक, भोपळा कोरताना निघालेल्या बिया : धुऊन, पूर्ण कोरड्या करून, तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये भाजलेल्या. त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही आणि वायाही काही जात नाही. मी वर तिखट टाकते.

दुसरी, गरम सायडर. अमेरिकेत नुसतं सायडर म्हटलं की सफरचंदाचा न गाळलेला रस, त्यात दारू नसते. दोन लिटर रस, दालचिनीचे दोन तुकडे, सात-आठ लवंगा, आल्याच्या चकत्या, संत्र्याच्या सालीची एक पट्टी. मंद आचेवर अर्धा तास, उकळू द्यायचं नाही. शेवटी किंचित जायफळ. घरभर पुरणपोळीच्या दिवशीसारखा वास सुटतो. एका चांगल्या कृतीत एक साधी सूचना होती : रम भांड्यात ओतू नका, ज्याला हवी त्याच्या पेल्यात घाला. ह्या एका वाक्यामुळे त्याच भांड्यातून पोरं पितात, गाडी चालवणारा पितो, आमच्या आईसारखी ‘नुसत्या वासानेही नको’ म्हणणारी पिते आणि रम हवी असणारेही पितात. मी वाचलेल्या शेकडो कृतींत ही एकच अशी होती, जिने कोण कोण येईल ह्याचा विचार केला होता.

२०२५ मध्ये हॅलोवीन शुक्रवारी आलं, दिवाळी त्याआधीच उरकली होती. मुलांसाठी दुकानातली पाकीटबंद चॉकलेटं आणली. सायडरचं भांडं मात्र दारापाशी टेबलावर ठेवलं, शेजारी कागदाचे पेले आणि एक चिठ्ठी : आत काय काय आहे, नट्स नाहीत, दारू नाही. त्या आया मागच्या वर्षीसारख्याच हसल्या. तिघी थांबल्या. त्यांतल्या एकीने पेला हातात घेऊन विचारलं, ह्यात लवंग आहे का? मी हो म्हटलं. ती दारातच उभी राहून प्यायली आणि तिचा रोबो तोवर जिन्यात बसून चॉकलेटं मोजत होता.

पाककृतीत वर लिहिलेलं असतं, ‘सर्व्हिंग्ज : १२’. हे बारा जण कोण, हे लिहायची पद्धत नाही. लिहिणाऱ्याने निदान मनात तरी ठरवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.