मूठमाती कुणाला?

आपल्या कवितेत 'गाडा' फार झालंय. रूढी गाडा, देव गाडा, व्यवस्थेला मूठमाती द्या. टाळ्या पडतात. पण शब्द तपासायचे कुणी? रिंगवर धागा तुटला की जोडायला आधी त्याचं टोक हुडकावं लागतं. शब्दाचंही तसंच.

वर्तमानपत्री मराठीत मूठमाती म्हणजे सोडून देणं. 'तत्त्वांना मूठमाती दिली' असं अग्रलेखवाला खुशाल लिहितो. वस्तीत मूठमाती देणारा मात्र काहीच सोडत नाही. खड्ड्यात मूठभर माती टाकून तो सांगतो, हा माणूस आमचा होता. 1956 नंतर पुष्कळ घरांत गाडण्याऐवजी अग्नी आला, तरी शब्द राहिला. प्रस्थापितांनी त्यातला माणूस काढून टाकला, आणि तोच उष्टा अर्थ आपण कवितेत वाढतोय.

दुसरा शब्द 'गंभीर'. मूळ अर्थ खोल. खड्डाही खोलच. पांढरपेशा समीक्षक म्हणतो, दलित कवितेत गांभीर्य नाही, नुसता आक्रोश आहे. मंत्री म्हणतो, घटनेची गंभीर दखल घेतली. खोली दोघांनीही मोजलेली नसते. कायदा निदान मोजतो. हाड मोडलं, दात पडला, तर 'जबर दुखापत'. नुसत्या तीव्र वेदनेला 1860 च्या दंडसंहितेत 20 दिवस लागत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत 15. पण अपमानाचे दिवस कुठल्या डॉक्टरनं मोजायचे?

त्यासाठी वेगळा शब्द लागला: अत्याचार. मेलेली ढोरं ओढायची, मयताची खबर गावोगाव पोचवायची, याला गाव महाराचं काम म्हणायचं, वर हक्क म्हणायचं. 1958 च्या कायद्यानं वतन गेलं. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. दलिताला ढोरं ओढायला, कबर खोदायला लावणं हा आता गुन्हा. स्मशान, दफनभूमी इतरांसारखी वापरू न देणं हाही गुन्हा. काल ज्याला हक्क म्हटलं, त्याला आज कायदा अत्याचार म्हणतो. एवढा एक शब्द बदलायला किती पिढ्या गेल्या बघा.

म्हणून कार्यकर्त्यांनो, कवींनो, शब्द नीट हातात घ्या. उद्या कुठं आपलं प्रेत अडवलं, तर ठाण्यात 'किरकोळ वाद' लिहू देऊ नका. 'अदखलपात्र' तर नाहीच नाही. कलम सांगा, नेमका शब्द लिहून घ्या, मगच सही करा. आणि मूठमाती शिल्लक ठेवा. ती आपल्या माणसासाठी आहे, त्यांच्या व्यवस्थेसाठी नाही.