नाइट क्लबच्या मंचावरील स्वर : ‘द वाइल्ड, वाइल्ड रोझ’मधील चिनी गीतांचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तुत लेखात ‘द वाइल्ड, वाइल्ड रोझ’ (१९६०) या हाँगकाँगमधील मँडरीन चित्रपटातील नाइट क्लबच्या गीतप्रसंगांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. वांग त्येनलिन दिग्दर्शित या चित्रपटाकडे बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेराचे रूपांतर म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. कारण या कलाकृतीचे मर्म कथानकापेक्षा क्लबच्या मंचावर अधिक आहे.

कथानक थोडक्यात सांगता येते. क्लबमधील गायिका सिजिया ही नव्याने आलेल्या, विवाह ठरलेल्या पियानोवादकास मोहात पाडण्याची पैज लावते. पैजेतून खरे प्रेम उपजते आणि अखेरीस त्याच्याच हातून तिचा अंत होतो. हा पियानोवादक पूर्वाश्रमीचा शिक्षक आहे. (तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षे काढलेल्या वाचकास त्याची अगतिकता वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.)

मंचावरील संगीताची परंपरा मात्र विस्ताराने पाहावी लागते. जॅझ आणि चिनी लोकगीतांच्या चाली यांच्या मिलाफातून १९२० च्या दशकात शांघायमध्ये ‘शिदाइछू’, म्हणजे ‘काळाची गाणी’, हा प्रकार आकारास आला. ली जिनहुई हे त्याचे आद्य रचनाकार मानले जातात. १९३३ मध्ये सुरू झालेल्या पॅरामाउंटसारख्या नृत्यगृहांत तो बहरला. १९४९ नंतर नव्या राजवटीने या संगीतास ‘पिवळे’, अर्थात अश्लील, ठरविले आणि अनेक कलावंत हाँगकाँगला आले. त्यामुळे कँटोनीज बोलणाऱ्या शहरात सिजिया मँडरीनमध्ये गाते, तेव्हा तिच्यामागे हरवलेले शांघायही उभे असते. संगीतकार र्‍योइची हात्तोरी हे जपानी असले तरी १९४० च्या दशकातील शांघाय त्यांनी जवळून अनुभवले होते.

सिजियाची भूमिका करणाऱ्या ग्रेस चँग, अर्थात गे लान, यांनी सर्व गाणी स्वतः गायिली आहेत. पार्श्वगायनास सरावलेल्या भारतीय प्रेक्षकास याचे महत्त्व चटकन जाणवत नाही. ‘हावरा ब्रिज’ (१९५८) मध्ये चिनी वेशातील हेलन नाचतात, परंतु स्वर गीता दत्त यांचा आहे. देह आणि आवाज यांची तेथे फारकत आहे. येथे मात्र बिझेची ‘हाबानेरा’ मँडरीन शब्दांत गाताना सिजियाचा खालच्या पट्टीतील खर्ज, श्रोत्यांमधून फिरणारी तिची चाल आणि पुरुषांकडे पाहण्यातील तुच्छता हे सारे एकाच स्त्रीचे आहे. त्या क्षणी सत्ता तिच्याकडे असते.

नेमकी हीच गोष्ट नायकास सोसत नाही. तुरुंगातून सुटल्यावर दारिद्र्यातही तो तिला क्लबमध्ये गाऊ देत नाही. त्याचा मत्सर एखाद्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा मंचाविषयीच अधिक आहे, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे. चित्रपट तिच्या गाण्यावर पोसतो आणि शेवटी त्या गाण्याचीच शिक्षा तिला देतो. ही विसंगती दिग्दर्शकास सोडविता आलेली नाही. गाणी थांबताच चित्रपट सामान्य कौटुंबिक शोकनाट्याच्या पातळीवर उतरतो, हेही नमूद करावे लागेल.

पुढे त्साई मिंगलियांग यांनी ‘द होल’ (१९९८) मध्ये गे लान यांची गाणी योजिली. तेथे क्लब नाही. तायपेईतील एका गळक्या इमारतीच्या उद्वाहकात आणि व्हरांड्यात त्यांच्या स्वरावर दुसरीच अभिनेत्री ओठ हलविते.