जाणीव एका रात्रीत शोधायची का? भोपाळ निकालाची चिकित्सा

आज एका निकालाकडे बारकाईने बघू. भारतीय दंड संहितेत दोन पायऱ्या होत्या. निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर कलम ३०४-अ, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. पण माणसं मरण्याचा संभव आहे ही जाणीव असूनही कृत्य केलं, तर सदोष मनुष्यवध, म्हणजे ३०४ चा दुसरा भाग, दहा वर्षांपर्यंत. सगळा भार 'जाणीव' या शब्दावर.

भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री वायू गळला, हजारो माणसं मेली. भारतीय अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ३०४-अ वर आणला. कारण काय दिलं? कारखान्यात दोष होते असं धरलं, तरी त्या रात्री तो चालवल्याने माणसं मरतील याची आरोपींना जाणीव होती, असं दाखवणारं काही समोर नाही.

माझा आक्षेप 'त्या रात्री' याला आहे. धोका काय त्या रात्री जन्मला? डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीनने एका कामगाराचा जीव घेतला. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या पथकाने पाहणी करून धोके लेखी नोंदवले. पत्रकार राजकुमार केसवानी इशारे छापत होते. तरी टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंदच.

नुसत्या हुद्द्यावरून जाणीव गृहीत धरू नये, हे मान्य. पण आरोप ठेवताना प्रबळ संशय पुरतो. कोणाला काय ठाऊक होतं, ते साक्षीपुराव्यात तपासायचं असतं. इथे ती तपासणीच आखडली.

आता मुंबई बघा. २००६ मध्ये कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या चालकाने फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांना चिरडलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध कायम केला. जाणीव वर्तनावरून काढली. योग्यच केलं. मग कागदोपत्री इशारे असलेल्या कारखान्याला वेगळं माप का?

२०१० मध्ये भोपाळच्या आरोपींना दोन वर्षं झाली. २०११ मध्ये न्यायालयच म्हणालं, १९९६ च्या निकालाने खालच्या कोर्टाचे हात बांधलेले नव्हते. पण तोवर वेळ गेली होती.

नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणाची शिक्षा पाच वर्षं झालीय. शिक्षा वाढली, प्रश्न तोच राहिला: इशारा फायलीत पडून असेल, तर त्याला 'माहीत नव्हतं' म्हणायचं का?