कच्च्या कागदावरचे लॉजिक

‘सर, प्रोग्रॅम वाचला की कळतो, पण स्वतः लिहायला बसलो की लॉजिक लागत नाही.’ महाविद्यालयात पहिल्या वर्षाला संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून हे वाक्य गेलेले असते. शिक्षक बहुधा ‘सराव कर’ असे सांगतात. विद्यार्थी सराव म्हणून वहीतले वीस प्रोग्रॅम पाठ करतो, त्यातले दोन परीक्षेत येतात आणि तो उत्तीर्ण होतो. लॉजिक मात्र होते तिथेच राहते. पुढे केव्हातरी तो मनाशी ठरवून टाकतो, की ही देणगी आपल्याला जन्मतःच मिळालेली नाही. एका चांगल्या मुलाचा आत्मविश्वास असा जातो, आणि त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रकात होत नाही.

लॉजिक शिकवता येते, असे मानून लिहिलेले एक पुस्तक आमच्या कपाटात बरीच वर्षे आहे. आर. जी. ड्रोमी यांचे ‘हाऊ टू सॉल्व्ह इट बाय कॉम्प्युटर’ हे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाच्या १९४५ सालच्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ची आठवण नावातच आहे. पोल्याने उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा आणि मग मागे वळून पाहा. ड्रोमी यांनी हाच विचार संगणकाच्या वर्गात आणला. भारतातील अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत हे पुस्तक संदर्भासाठी नेमले गेले. ते नव्याने वाचून त्याचे गुणदोष शिक्षकांपुढे ठेवावेत असे आम्हाला वाटले.

पुस्तकाचा मोठा गुण त्याच्या मांडणीत आहे. प्रत्येक ठिकाणी आधी प्रश्न येतो, मग उत्तराकडे जाण्याच्या वाटेची चर्चा, मग रीतीचे शब्दांत वर्णन आणि त्यानंतरच पास्कल भाषेतला प्रोग्रॅम. शेवटी रचनेवरच्या टिपा, उपयोग आणि आणखी प्रश्न. प्रोग्रॅम हा विचाराचा शेवट आहे, सुरुवात नव्हे, हे मांडणीच सांगून टाकते. आमच्या वर्गांत नेमके उलटे घडते. तास संपत आलेला असतो, म्हणून फळ्यावर प्रोग्रॅम उतरवला जातो आणि चर्चा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिली जाते. पुस्तकाचा गाभा वगळून आपण त्याचे टरफल शिकवतो.

दुसरा गुण म्हणजे सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने होते: दोन चलांच्या किमतींची अदलाबदल. ‘अ’मध्ये ५ आणि ‘ब’मध्ये ९ आहेत. ‘अ’ला ‘ब’ची किंमत दिली की दोन्हीकडे ९ होतात आणि ५ कायमचे नाहीसे होतात. म्हणून ते आधी तिसऱ्या जागी लिहून ठेवावे लागतात. आपण हे दोन पेले आणि एक रिकामा पेला घेऊन शिकवतो. पण दूध ओतले की पेला रिकामा होतो; चलाची किंमत दुसऱ्याला दिली तरी त्याच्याकडची जात नाही. पेल्यांच्या दाखल्याने मुलांच्या मनात एक चुकीचे चित्र शिरते. त्यापेक्षा दोन पाट्या घ्याव्यात. दुसऱ्या पाटीवरचे पाहून पहिल्या पाटीवर लिहायचे, आणि लिहिण्यापूर्वी तिथले पुसायचे. पायथन भाषेत ही अदलाबदल एका ओळीत होते. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे हा धडाच नजरेआड होतो, याचे भान शिक्षकाने ठेवायला हवे.

आता दोष. पहिल्या प्रकरणातच प्रोग्रॅमची बिनचूकता सिद्ध करणे आणि रीतीला लागणारा वेळ मोजणे हे विषय येतात. एकही प्रश्न न सोडवलेल्या मुलाला ते पेलत नाहीत. आमचा सल्ला असा, की त्या प्रकरणातला उदाहरण घेऊन विचार करणे, सारखेपणा शोधणे, उत्तराकडून मागे येणे हा भाग वाचून थेट दुसऱ्या प्रकरणाकडे जावे आणि उरलेल्या भागाकडे सहामाहीनंतर परत यावे. शिवाय सुरुवातीचे बहुतेक प्रश्न क्रमगुणित, साइन, फिबोनात्ची, पाया बदलणे असे गणिती आहेत. ज्याचे गणित कच्चे, त्याला लॉजिकही कच्चे असल्याचा भास इथे होतो.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळी आहे. पुस्तकातला विचार लेखकाचा आहे. लेखक जी चुकीची वाट दाखवतो, तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग त्याला ठाऊक असतो. विद्यार्थ्याची चूक तशी नसते. आपण चुकलो हेच त्याला कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. संख्येतले अंक उलट क्रमाने लिहिण्याचा प्रश्न पुस्तकात आहे आणि आपल्या मुलांना तो पाठ असतो: दहाने भागून बाकी घ्यायची, तोच शेवटचा अंक, मग भागाकार घेऊन पुढे जायचे. एका वर्गात आम्ही थोडा वेगळा प्रश्न दिला: संख्येत लागोपाठचे दोन अंक सारखे आहेत का? रीत तीच, फक्त ‘मागचा अंक’ लक्षात ठेवायचा. बऱ्याच जणांना काही सुचेना. ज्यांना सुचले, त्यांनी ‘मागचा अंक’ सुरुवातीला शून्य ठेवला. ४१७७ घेतले, ‘आहेत’ असे उत्तर आले. ४१३७ घेतले, ‘नाहीत’ असे आले. दोन्ही बरोबर. मग आम्ही १२० द्यायला सांगितले. उत्तर आले, ‘आहेत’!

वर्गात शांतता पसरली. आम्ही सर्वांना कागदावर तक्ता काढायला लावला: एका उभ्या ओळीत मागचा अंक, दुसरीत आताचा. पहिल्याच आडव्या ओळीत शून्याशेजारी शून्य आले. एक मुलगी म्हणाली, ‘हा मागचा अंक संख्येतला नाहीच, तो आपण ठेवलाय.’ तिथून उपाय त्यांचा त्यांनीच शोधला: सुरुवातीला असे काही ठेवायचे जे अंक असूच शकत नाही, उदाहरणार्थ १०. लॉजिक म्हणतात ते हेच असावे. ते सुचण्याआधी चूक डोळ्यांना दिसावी लागली.

इतरांचा अनुभवही याला जुळतो. २००१ साली मायकेल मॅक्क्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिला अभ्यासक्रम संपवूनही ११० पैकी सरासरी गुण २३च्या आत होते. मग २००४ साली रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांना लिहायला न लावता तयार प्रोग्रॅम वाचायला दिले आणि शेवटी काय उत्तर येईल ते विचारले. त्यातही पुष्कळ जण अडखळले. तेव्हा ‘वाचला की कळतो’ हे वाक्यही तपासूनच घ्यायला हवे. ओळीन् ओळ किमती मांडत वाचता येत नाही, त्याला लिहिता कुठून येणार?

हे ओझे एकट्या महाविद्यालयाचे नाही. शाळेत गणिताचे कच्चे काम आपण वहीच्या शेवटच्या पानावर करायला लावतो, कधी खोडायलाही सांगतो. गुण मिळतात ते स्वच्छ उत्तराला. दहा-बारा वर्षे मुलाने हेच पाहिल्यावर विचार म्हणजे काहीतरी लपवण्याजोगी गोष्ट आहे असे त्याला वाटले, तर नवल नाही. आज तर मागणी केली की संगणकच प्रोग्रॅम लिहून देतो. घरून स्वच्छ प्रोग्रॅम लिहून आणण्याच्या गृहपाठाला त्यामुळे फारसा अर्थ उरलेला नाही. कच्च्या कागदाची किंमत उलट वाढली आहे.

म्हणून ड्रोमी यांचे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे, पण विद्यार्थ्याच्या हाती ते एकटे देऊ नये. सोबत कोरा कागद द्यावा. त्यावरचा तक्ता, खोडलेली ओळ, चुकलेले उदाहरण यांना दहातले चार गुण द्यावेत. पुढच्या तासाला फळ्यावर आपण स्वतः एकदा चुकावे आणि १२० सारखी संख्या शोधण्याचे काम वर्गावर सोपवावे.