‘सोशिक’ या शब्दाविषयी

सासूबाईंना जाऊन 11 वर्षं झाली. त्या गेल्या त्या वर्षी मी त्यांच्यावर एक लेख लिहिला होता. समाजाच्या एका मासिकात तो छापून आला. निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या बऱ्याच बायकांनी वाचला, फोन केले, डोळ्यांत पाणी आलं म्हणाल्या. मलाही तो बरा जमलाय असंच वाटत होतं. गेल्या पावसाळ्यात कपाट आवरताना तो अंक पुन्हा हाती लागला. खाली बसून निवांत वाचावा म्हटलं, तर खाली बसणं आता मला जमत नाही. पलंगाच्या कडेला बसून वाचला. वाचून झाल्यावर वाटलं, हा लेख चांगला नाही.

दुसऱ्यांच्या पुस्तकांवर मी आजवर पुष्कळ लिहिलं. एकदा स्वतःच्या लेखावरही लिहून बघते.

लेखात ‘सोशिक’ हा शब्द सात वेळा आलाय, मोजला. एक वाक्य असं आहे: ‘पहाटे उठून त्या माळ घेऊन बसत, नऊ-दहा वाजेपर्यंत त्यांची तंद्री मोडत नसे. घरात काहीही होवो, तक्रारीचा एक शब्द नाही.’ आणखी पुढे आहे: ‘साठी उलटल्यावर त्यांनी मोठ्या मनानं स्वयंपाकघर सुनांच्या हाती दिलं, परत भाकरीला हात लावला नाही.’ वाक्यं चांगली आहेत. खरी आहेत का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

तो पडला बेळगावला, डॉक्टरांच्या खोलीत. माझे दोन्ही गुडघे गेली चार वर्षं दुखतात. एक्स-रे झाला, सांध्यातली जागा कमी झालीय, कूर्चा झिजलीय असं सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, “सकाळी उठल्यावर आखडलेलं किती वेळात सुटतं?” मी म्हटलं, “दहा-पंधरा मिनिटं.” ते म्हणाले, झिजेचा संधिवात असला की आखडणं साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतं. तासभर, दोन तास सुटतच नसेल, दोन्ही हातांची बोटं पेरांपाशी सुजत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी लागते. त्यात शरीराची राखण करणारी शक्तीच उलटून सांध्यांवर जाते. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू केली तर सांधे वाचवता येतात.

परतीच्या बसमध्ये तवंदीचा घाट लागला तेव्हा मला सासूबाईंची माळ आठवली. ती माळ हलत नसायची. हातात असायची, पण मणी पुढं सरकत नसायचे. बोटांची पेरं जाड झालेली. दहा वाजता कधीतरी त्या हात चोळत उठायच्या. भाकरी सोडली ती मोठ्या मनानं की पीठ थापायला तळवा उघडेना म्हणून? त्यांना नेमकं काय होतं, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण मी रोज त्यांच्यासमोरून चहाचा कप घेऊन जात होते. जे डोळ्यांनी दिसत होतं ते मी भक्ती म्हणून वाचलं आणि तसंच लिहिलं.

असं वाचायला मी शिकले कुठं?

मी मराठी घेऊन बी. ए. झाले. म्हातारपण म्हटलं की आमच्या पिढीला आधी ‘नटसम्राट’ आठवतं. शिरवाडकरांचं हे नाटक 1970 साली रंगभूमीवर आलं. अप्पासाहेब बेलवलकरांचा अभिमान, मुलांनी केलेला अव्हेर, सगळं आपल्याला तोंडपाठ. मग जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात, आणि घरात वाट बघत बसलेले नाना-नानी. दोन्ही नाटकांना मी रडले. आज विचारावंसं वाटतं ते एवढंच, की अप्पासाहेबांच्या मागोमाग एका घरातून दुसऱ्या घरात फिरणाऱ्या कावेरीचं काय दुखत होतं? या नाटकांत म्हातारपण हा नात्यांचा आजार आहे. मुलं बदलली, घर परकं झालं, काळजाला घर पडलं. शरीर येतं ते बहुतेक मरण्यापुरतं. मधली वीस वर्षं, जिन्याच्या कठड्याला धरून काढलेली, ती कुठं गेली?

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (1985) दादी पुन्हापुन्हा वेळ विचारत राहते. तिथं म्हातारीचं शरीर निदान डोळ्यांसमोर आहे. पण तेही वाड्याच्या पडझडीचं चिन्ह म्हणून. चिन्हाला ठणका लागत नाही.

हा नाटककारांचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी उत्तम सांगितलं. पण आपण वाचणाऱ्या बायका त्यातून एक गोष्ट नकळत शिकलो. मन दुखलं तर ते साहित्य, गुडघा दुखला तर ती कुरकुर. विनोदी लेखनात संधिवात सापडतो, पण तिथं तो हसण्यासाठी असतो. म्हणून सासूबाईंवर लिहायला बसले तेव्हा मी त्यांचं मन शोधत बसले. हात बघितलेच नाहीत.

आपल्या बोलीत दुखण्याला शब्द कमी आहेत का? उलट रेलचेल आहे. कळ येते आणि जाते. ठणका रात्रभर राहतो. उठताना चमक निघते, कमरेत उसण भरते, काम करून हातांना रग लागते, सुजेला ठसठस असते, बसून बसून पायाला मुंग्या येतात, थंडीत अंग आंबतं. सांधा आखडतो, धरतो, करकरतो. आमच्या निपाणीकडं एखादी म्हणते, “गुडघ्यात वाळू भरल्यागत वाटायलंय.” एक्स-रे बघून डॉक्टर जे सांगतात, त्याच्या फार जवळ जाणारं हे वाक्य आहे. पण हे सगळे शब्द ओट्यापाशी आणि नळावर राहतात. डॉक्टरांपुढं गेल्यावर आपण एकच शब्द काढतो, ‘दुखतंय’.

त्यात आमचा सीमाभाग. माझ्या आधी एक आजी आत गेल्या होत्या. नर्सबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, “मंडी नोवु ऐतेन्री?” कन्नडमध्ये मंडी म्हणजे गुडघा. आजी तावातावानं म्हणाल्या, “मांडी नव्हं बाई, गुडघा!” सगळे हसलो. पण आजींचं मला कौतुक वाटलं. कुठं दुखतंय ते त्यांनी नेमकं सांगितलं, आणि ऐकून घेईपर्यंत सोडलं नाही.

बायकांचं स्वतःचं जुनं साहित्य म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या प्रयत्नानं महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांनी उतारवयात ‘मालनगाथा’ हे ओव्यांवरचं पुस्तक केलं. या ओव्यांत तरी शरीर असेल म्हणून मी त्या पुन्हा वाचल्या. आहे, शरीर आहे. मनगट आहे, घाम आहे. पण थकव्याचा विषय निघाला की ओवी पटकन आईच्या दुधाकडं वळते. दळताना हात थांबला नाही, कारण दूध तसं होतं. म्हणजे थकले म्हटलं की आईला कमीपणा! आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जात्यावर बसते ती कामाच्या वयाची बाई. सांधे धरले की जातं सुनेकडं जातं, आणि जात्याबरोबर ओवीही. म्हातारीला गायला जागाच उरत नाही.

याच्या उलट वागलेल्या बायका मला सापडल्या त्या माझ्याच गावच्या. 1982 साली दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटानं निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा छोटा माहितीपट केला. त्यासाठी हा गट चार महिने त्या बायकांबरोबर राहिला होता. काहीशे बायकांनी सुरू केलेला लढा तीन हजारांपर्यंत कसा पोचला, ते त्यात त्या बायकांच्याच सहभागातून उभं राहतं. रचून दाबून ठेवलेल्या तंबाखूला आतून ऊब येते, हे निपाणीत कुणाला सांगायला नको. नाव अगदी नेमकं आहे.

माहितीपट अर्ध्या तासाच्या आतला. पण मला तो दोनदा थांबवून बघावा लागला. वखारीतला धुरळा, तासन् तास एका जागी बसून काम, तुटपुंजी मजुरी, हे सगळं त्या एकमेकींसमोर मोठ्यानं बोलतात. एकटीनं बोलली तर कुरकुर ठरली असती. दहाजणी बोलल्या तेव्हा मागणी झाली. त्या काळात आमच्यासारख्या घरांतून अशा बायकांना ‘तोंडाळ’ म्हणत. मी स्वतः म्हटलेलं आहे. आमच्या घरात ‘सोशिक’ आणि वखारीत ‘तोंडाळ’, बायकांच्या दुखण्याला आम्ही हे दोनच शब्द ठेवले होते. माहितीपटाबद्दल माझी एकच तक्रार. त्या बायका आज असतील तर सत्तरीच्या पुढं असतील. एवढी वर्षं मांडी घालून, मान वाकवून काम केल्यावर त्यांचे गुडघे, त्यांच्या कमरा कशा आहेत, हे बघायला कुणी परत यायला हवं होतं.

आता आपल्या समाजाकडं येते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणार, “अहो वहिनी, आपल्या धर्मात सहन करणं हीच साधना नाही का?” प्रवचनाच्या हॉलमध्ये मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग असते. तिथं बसणाऱ्यांना आपण हळूच ‘खुर्चीवाल्या’ म्हणतो. मी दोन वर्षं त्या रांगेत जायचं टाळलं. खाली चटईवर बसले, सामायिकात सगळं ध्यान गुडघ्यात, आणि उठताना शेजारणीचा खांदा धरला. शरीर वेगळं, आत्मा वेगळा, हे ऐकायला सोपं होतं.

मग ‘तत्त्वार्थसूत्र’ घेऊन बसले. नवव्या अध्यायात 22 परिषह सांगितलेत, त्यात ‘रोग’ आहे, बरोबर. वेदनेचंच चिंतन करत राहणं हे आर्तध्यान, हेही तिथंच आहे. पण त्याच अध्यायात सहा आभ्यंतर तपांमध्ये ‘वैयावृत्त्य’ आहे, म्हणजे सेवा. ती कुणाची करायची या यादीत ‘ग्लान’ म्हणजे आजारी साधूही आहे. एकाला परिषह सांगितला, तर शेजारच्याला सेवा सांगितली. ती सेवा घडायची तर दुखणं कुणाला तरी कळायला हवं. आपण बायकांनी यातला पहिला भाग तेवढा घेतला आणि दुसरा सोडून दिला. सासूबाईंनी न सांगून परिषह सोसला असेल. पण आमच्या वाट्याचं तप बुडालं. त्यांनी सांगितलं नाही हे जितकं खरं, तितकंच आम्ही विचारलं नाही हेही.

सांगितल्यानं काय होतं? सांगते. दुखण्यावरची गोळी मला रात्री जेवणानंतर घ्यायला लिहून दिली होती. माझा रात्रिभोजनत्याग. आठ दिवस मी गोळी घेतलीच नाही, आणि कुणाला बोललेही नाही. शेवटी धीर करून सांगितलं, तर डॉक्टरांनी वेळ बदलून संध्याकाळच्या जेवणावर आणली. म्हणाले, “आधीच सांगायचं की हो!” ज्याला त्याला सांधेदुखीवर लसूण सुचवायची हौस असते. ती आपल्याला चालत नाही, सुंठ चालते. तेही सांगावं लागतं. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं, बेतानं रोज चालणं, गोळ्या मनानं वाढवायच्या नाहीत कारण पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्रास होतो, एवढं मी आता पाळते. गुडघे नवे झाले नाहीत. पण दिवस माझ्या हातात राहतो. आणि प्रवचनाला मी खुर्चीवर बसते. सामायिकात ध्यान लागतं, निदान गुडघ्यात तरी नसतं.

लेखाचं परीक्षण करायचं तर शेवटी निकाल द्यावा लागतो. माझा तो लेख मायेनं लिहिलेला आहे, पण त्यानं एका बाईचं दुखणं झाकलं आणि झाकण्यालाच गुण म्हटलं. आपल्याकडच्या श्रद्धांजल्या, अमृतमहोत्सवाचे गौरव लेख काढून बघा, बहुतेक असेच निघतील. ‘कधी तक्रार केली नाही’ हे वाक्य आलं की पुढं विचारायचं, कुणी विचारलं होतं का?

तो लेख आता परत छापायचा झाला तर मी माळेचं वाक्य बदलीन. ‘पहाटे त्या माळ घेऊन बसत. बोटं मिटत नसत. दहा वाजता हात चोळत उठत.’ ‘सोशिक’ हा शब्द सातही ठिकाणांहून काढीन.

हे सगळं मी सुनेला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना तिनं विचारलं, “आई, आज सुटायला किती वेळ लागला?” घड्याळाकडं बघून मी सांगितलं, “वीस मिनिटं. डावा जास्त धरलाय.”