बुरूज, गावकूस आणि वारशाची परिभाषा

पुणे-सोलापूर मार्गावरील कासुर्डी हे दौंड तालुक्यातील गाव पूर्वीच्या भीमथडीच्या मुलखात मोडते. भुलेश्वराच्या डोंगरापासून भीमेच्या काठापर्यंत पसरलेल्या या प्रदेशात संरक्षणाचा भार गिरिदुर्गांपेक्षा गढ्या, वेशी आणि गावकुसाचे बुरूज यांवर अधिक पडे. अशा दगडी बुरुजाचे मूल्य कोणत्या कसोटीवर ठरवावे, या प्रश्नाचा विचार मराठी दुर्गविषयक लेखनात अद्याप नीटसा झालेला नाही.

जे लेखन झाले आहे त्याची परिभाषा गिरिदुर्गांवर घडली आहे. अभेद्यता, पराक्रम, उत्तुंगता ही तिची विशेषणे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांचा समावेश झाला, तेव्हा निवडलेल्या १२ दुर्गांत शिवनेरी, लोहगड व राजगड हे पुणे जिल्ह्यातील तीन डोंगरी किल्ले होते. भुईकोट मात्र एकही नव्हता. निवड अयोग्य होती असे नव्हे. परंतु तिच्या मापाने सपाटीवरचा बुरूज मोजला की तो अपुरा गड ठरतो, आणि अपुऱ्या वस्तूची निगा कोणी राखत नाही. १९५८ चा केंद्रीय प्राचीन स्मारक कायदा किमान १०० वर्षांच्या वयाबरोबर राष्ट्रीय महत्त्वाचीही अपेक्षा करतो. गावच्या बुरुजाला वय असते, महत्त्वाचे प्रमाणपत्र नसते.

वास्तविक लष्करी कसोटीवरही भुईकोट उणा नाही. चाकणच्या संग्रामदुर्गाने १६६० मध्ये शायिस्तेखानास पन्नासाहून अधिक दिवस रोखले. अखेर मोगलांनी सुरुंग लावला तो बुरुजाखालीच. तथापि फिरंगोजी नरसाळ्याच्या झुंजीचा आधार प्रत्येक गावच्या बुरुजास मिळणार नाही, व तो शोधण्याचा अट्टहासही नको. पुराव्यावाचून शिवकाल चिकटविण्याची हौस अलीकडे वाढली आहे. तिने वास्तूचा मान वाढत नाही.

अधिक विश्वसनीय साक्ष भाषा देते. ‘बुरूज’ हा शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. अरबीत तो राशिचक्रातील राशीचाही वाचक आहे, तो अर्थ मराठीने घेतला नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात दुर्गवर्ग हा स्वतंत्र विभाग करून संस्कृत संज्ञा सिद्ध करण्याचा यत्न झाला; लोकांच्या तोंडी बुरूजच टिकला. त्याच्या शेजारचे शब्द मात्र देशी आहेत: वेस, गावकूस, पांढरी. गावठाणाची ती पांढरी आणि शेताची ती काळी. बुरुजाच्या दगडी दर्शनी थराआड पुष्कळदा हीच पांढरी माती भरलेली असे. दर्शनी चिरे घरबांधणीस उचलले गेले की पावसाचे पाणी या गाभ्यात शिरते व बुरूज फुगून ढासळतो. डागडुजीत चुन्याऐवजी सिमेंट भरल्यास ओल आतच कोंडते. अशा जीर्णोद्धाराने कित्येकदा पडझडीपेक्षा अधिक हानी होते.

या शब्दसमूहातील सर्वांत बोलका शब्द गावकूस. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत ज्या भिंतीने गावास आसरा दिला, तिनेच अस्पृश्य मानलेल्या समाजाला कायम बाहेर ठेवले. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्दप्रयोग तट पडल्यावरही जिवंत राहिला आणि दलित साहित्याने त्याला आरोपपत्राचे बळ दिले. तेव्हा बुरुजाला केवळ ‘गावाचा रक्षक’ म्हणणारे वर्णन अर्धेच खरे असते: कोणत्या गावाचा, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो.

म्हणून कासुर्डीच्या परिसरात अशा अवशेषांची नोंद करणाऱ्याने उंची, व्यास आणि चिऱ्यांची घडण टिपून थांबू नये. बुरुजाला गावात कोणत्या नावाने हाक मारतात, वेशीचा दगड आज कोणाच्या जोत्यात आहे, आणि तटाबाहेरची वस्ती कोणत्या दिशेस होती व तेथील वृद्ध त्याच बुरुजाला काय म्हणतात, हेही नोंदपत्रकात त्यांच्याच उच्चारांसह उतरले पाहिजे.